छापील प्रती हरवल्या, वाचन टिकले



डिचोलीत आम्ही दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देतो. प्रभूची प्रार्थना सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण "घरी संध्याकाळी कोण कोण प्रार्थना करतात?" असे विचारले की मोजकेच हात वर होतात. खरे सांगायचे तर आम्हा शिकवणाऱ्यांपैकी काहींच्या घरीही तेर्स आता रोज होत नाही. म्हणून आज एका जुन्या ग्रंथाची हकिकत सांगतो.

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिले. त्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी एक प्रसंग आहे. साष्टीतल्या देवमंदिरात रविवारी दुपारी मुलांचे धर्मशिक्षण चालले होते. तेव्हा नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका गृहस्थाने विनंती केली की पूर्वीची पुराणे सुटली, त्यांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या. त्या माणसाची अडचण आम्हाला फार खरी वाटते. श्रद्धा स्वीकारली होती, पण पुराण ऐकण्याची सवय रिकामी पडली होती.

स्टीफन्सनी ती जागा भरली. लोकांच्या कानाला परिचित अशा मराठी ओवीत त्यांनी जुन्या कराराची आणि प्रभू येशूची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. १६१६ मध्ये राशोल येथे ती रोमन लिपीत छापली गेली. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही छपाई झाली. १६८४ मध्ये मात्र व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही.

तरी ग्रंथ वाचला. गोव्याहून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो हाताने उतरवून घेतला, वाचला, मुलांना ऐकवला. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्डान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळुरात तो पुन्हा छापला.

आपण एक थोर ग्रंथ वाचवत आहोत, असे त्या घरांतल्या आयाबापांना वाटलेही नसेल. त्यांनी त्या त्या दिवसाचे वाचन केले, एवढेच.

आपण फेस्ताआधी नऊ दिवस नोव्हेना करतो, ते चांगलेच. पण दोन फेस्तांच्या मधले साधे दिवस कितीतरी जास्त असतात, आणि आपली वाढ त्याच दिवसांत होते. कधी मन लागत नाही, ओठ नुसते हलतात. तरीही रोजची ती वेळ राखलेली असली, तर मन परत येते तेव्हा त्याला बसायला जागा असते.

या आठवड्यात एवढेच करू या. रात्री जेवण झाले की मोबाईल बाजूला ठेवून पाच मिनिटे बसू. घरातल्या लहानग्याने शुभवर्तमानातला एक उतारा मोठ्याने वाचावा, आणि सगळ्यांनी मिळून एका शेजाऱ्यासाठी प्रार्थना करावी. आम्हीही आमच्या घरी आजपासून सुरुवात करत आहोत.

हे प्रभो, आमच्या साध्या दिवसांत तू राहा. आमेन.