विश्वासाकडून पडताळणीकडे : मेल-सर्व्हरच्या दोषनिवारणाचा इतिहास

प्रस्तावना

संस्थेच्या स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवरून पाठविलेला ई-मेल एका ठिकाणी पोहोचतो, दुसरीकडून नाकारला जातो आणि तिसरीकडे स्पॅमच्या कप्प्यात जाऊन पडतो, हा अनुभव असे सर्व्हर चालविणाऱ्यांना नवा नाही. यंत्र सुरळीत चालू असते, आज्ञावली बिघडलेली नसते, तरीही पत्र पोहोचत नाही. अशा वेळी दोषाचे कारण केवळ यंत्रात शोधणे अपुरे ठरते. मेल-सर्व्हर ज्या नियमांनी परस्परांशी व्यवहार करतात ते नियम गेल्या चार दशकांत थराथराने साचत आले आहेत आणि बहुतेक थरांमागे विशिष्ट ऐतिहासिक कारण आहे. दोषनिवारणाची आजची पद्धत ही या इतिहासाचीच निष्पत्ती होय, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

परस्परविश्वासाचा कालखंड

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटवर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठविला. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी हा टपालवहनाचा नियमसंच लिहिला. त्यात पाठविणारा संगणक स्वतःचे जे नाव सांगेल व प्रेषकाचा जो पत्ता देईल, तो खरा मानला जाई. जाळ्यात मोजकी विद्यापीठे व संशोधनसंस्था असल्याने या विश्वासात वावगे काही वाटत नव्हते. परक्याचे टपाल पुढे पोहोचविणे, म्हणजे 'रिले' करणे, हे तर सौजन्यच समजले जाई.

या नियमसंचाने दोषनिवारणाला एक चिरस्थायी देणगी दिली, ती तीन अंकी उत्तरांची. २ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे स्वीकार, ४ ने सुरू होणारे म्हणजे तात्पुरता नकार आणि ५ ने सुरू होणारे म्हणजे कायमचा नकार. आजही सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रथम हाच अंक पाहावा लागतो. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नामव्यवस्था मांडली आणि १९८६ मध्ये कोणत्या नावाचे टपाल कोणत्या संगणकाकडे द्यावे हे सांगणारी एमएक्स नोंद प्रमाणित झाली. तेव्हापासून टपालाचे भवितव्य सर्व्हरबाहेरील एका नोंदीवर अवलंबून राहू लागले.

१९८८ चा धक्का

त्या काळी एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे रचलेली सेंडमेल ही आज्ञावली सर्वत्र प्रचारात होती. तिच्यात दोष शोधण्यासाठी ठेवलेली 'डीबग' ही सोय अनेक ठिकाणी चालूच राहिली होती. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने सोडलेल्या 'वर्म'ने ज्या वाटांनी हजारो संगणकांत शिरकाव केला, त्यांपैकी एक वाट हीच होती. दोष शोधण्यासाठी ठेवलेले दारच घुसखोरीचे दार ठरले. त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात अशा आपत्तींसाठी समन्वय केंद्र स्थापन करण्यात आले.

सेंडमेल ही सर्वाधिकार असलेली एकच अवाढव्य आज्ञावली असल्याने तिच्यातील एक चूक सबंध यंत्र धोक्यात आणू शके. डॅनियल बर्नस्टाइन यांची क्यूमेल आणि विट्से वेनेमा यांची १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली पोस्टफिक्स यांनी हे काम मर्यादित अधिकारांच्या लहान लहान आज्ञावल्यांत विभागले. याचा लाभ दोष शोधणाऱ्यालाही झाला. टपाल स्वीकारताना अडले, रांगेत अडले की बाहेर पाठविताना अडले, हे लॉगमधील आज्ञावलीच्या नावावरूनच कळू लागले.

स्पॅम आणि काळ्या याद्या

१९९० च्या दशकात जाळे व्यापाराला खुले झाले आणि सौजन्याचा गैरफायदा घेतला जाऊ लागला. परक्या सर्व्हरच्या माथी लाखो जाहिराती मारता येत असल्याने खुला रिले हा सद्गुण न राहता अपराध ठरला. १९९८ मधील सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीत तो मुळातच बंद ठेवण्यात आला. तत्पूर्वी १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी स्पॅम पाठविणाऱ्या आयपी पत्त्यांची काळी यादी उपलब्ध करून दिली होती. अशा याद्यांमुळे पत्त्यालाच चारित्र्य प्राप्त झाले. एखादा आयपी पत्ता नव्याने घेणाऱ्या संस्थेला त्याच्या पूर्वीच्या धारकाची अपकीर्तीही वारशाने मिळू लागली.

२००३ मध्ये 'ग्रेलिस्टिंग' ही युक्ती पुढे आली. अनोळखी सर्व्हरला आधी ४ ने सुरू होणारे उत्तर द्यायचे आणि तो पुन्हा आला तरच टपाल स्वीकारायचे. येथे उशीर हा दोष नसून धोरण असते. हे ठाऊक नसलेला व्यवस्थापक निर्दोष सर्व्हरची तपासणी करीत बसतो.

ओळखीचे पुरावे

यानंतरची पायरी लेखी पुराव्याची होती. कोणते सर्व्हर आपल्या नावाने टपाल पाठवू शकतात हे जाहीर करणारी एसपीएफ पद्धत २००६ मध्ये, तर पत्रावर सांकेतिक स्वाक्षरी करणारी डीकेआयएम पद्धत २००७ मध्ये दस्तऐवजबद्ध झाली. या दोहोंवर आधारलेले डीमार्क धोरण २०१५ मध्ये दस्तऐवजबद्ध झाले. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर टपाल पाठविणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी आवश्यक केल्या. प्रत्येक पुराव्याबरोबर नवा दोषही आला. उदाहरणार्थ, माजी विद्यार्थ्यांचे टपाल महाविद्यालयाच्या सर्व्हरवरून त्यांच्या खासगी पत्त्यांकडे वळविले की एसपीएफची पडताळणी सहसा फसते. आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी उलट डीएनएस नोंद तर बहुधा जोडणी पुरविणाऱ्या कंपनीच्या हाती असते. तेथे सर्व्हरवर कितीही दुरुस्ती केली तरी उपयोग होत नाही.

त्याच यंत्रावरील वेब-सर्व्हर

लहान संस्थेत टपाल व संकेतस्थळ बहुधा एकाच यंत्रावर असतात. १९९५ मध्ये उदयास आलेल्या अपाची या मुक्त वेब-सर्व्हरमुळे हे अल्प खर्चात शक्य झाले. मात्र संकेतस्थळावरील असुरक्षित अर्जातून कोणी स्पॅम पाठविले, तर काळ्या यादीत संस्थेचा पत्ता जातो आणि प्राचार्यांचे पत्र अडते. २०१५ च्या अखेरीस सर्वांसाठी खुल्या झालेल्या लेट्स एन्क्रिप्ट या उपक्रमाने नव्वद दिवस मुदतीची प्रमाणपत्रे विनामूल्य दिली. त्यातून उद्भवणारा एक दोष लक्षणीय आहे. प्रमाणपत्राचे नूतनीकरण होते, पण चालू असलेली आज्ञावली ते पुन्हा वाचत नाही. परिणामी डिस्कवर नवे प्रमाणपत्र असूनही बाहेर जुनेच दाखविले जाते.

भारतीय संदर्भ

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व आयआयटी या संस्था सहभागी होत्या. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य ग्राहकांना खुले करण्याच्या बऱ्याच आधी या संस्थांत ई-मेलचा वापर सुरू झाला होता. म्हणजेच आपल्याकडेही ई-मेलचा आरंभ विकत घेतलेली सेवा म्हणून नव्हे, तर शिक्षण व संशोधन संस्थांनी स्वतः उभारलेली व्यवस्था म्हणून झाला.

निष्कर्ष

लॉगमधील उत्तर, डीएनएस नोंद, उलट नोंद, काळी यादी, स्वाक्षरी आणि प्रमाणपत्र हा दोष शोधण्याचा क्रम म्हणजे विश्वासभंगाचा कालानुक्रमच आहे. या इतिहासाचा भार सर्वांवर सारखा पडलेला नाही. नियम आजही सर्वांना खुले आहेत, परंतु कोणाचे टपाल विश्वासार्ह मानावे याचा निर्णय बव्हंशी मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती गेला आहे. त्यामुळे लहान संस्थेने स्वतःचा सर्व्हर चालविणे हे नियमाने शक्य, पण व्यवहारात दुष्कर झाले आहे.

टपाल बाहेरच्या सेवेकडे सोपविण्याचा निर्णय अनेकदा योग्यही ठरेल. तथापि तो घेताना केवळ यंत्र नव्हे, तर दोष ओळखण्याचे ज्ञानही हातचे जाते, याचे भान हवे. ज्या संस्था सर्व्हर चालवीत आहेत त्यांनी प्रत्येक दोषाची तारीख, लक्षण, कारण व उपाय यांची नोंदवही ठेवावी. व्यवस्थापक बदलतात, अशी नोंदवही मात्र संस्थेची स्मृती म्हणून टिकते.