अमेरिकेंतील यादवी आणि आमचा किनारा

कोंकणांत मुरुडें दोन. एक जंजिऱ्याचें, हबशांचें. दुसरें हर्णै बंदराच्या दक्षिणेस, दापोली तालुक्यांतलें, महर्षि कर्व्यांचें. परगांवची मंडळी या दोहोंची नेहमीं गल्लत करतात, आणि ती निस्तरतां निस्तरतां आम्हां मुरुडकरांची पुरेवाट होते. प्रस्तुत विषयापुरती मात्र ही गल्लत आम्हांस उपयोगी पडणार आहे.

जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेंतले. त्या खंडांतून माणसें विकत आणून दक्षिणेंतील दरबारांत ठेवण्याची चाल जुनी होती. मलिकंबर बालपणीं विकला गेला, एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात दख्खनेंत आला, आणि १६२६ सालीं वारला तेव्हां निजामशाहीचा सर्व कारभार त्याच्या हातीं होता. इकडचा गुलाम वर चढूं शकत असे. त्याच्या मुलांस राज्यहि मिळे. अमेरिकेंतील गुलामाच्या नशिबीं तें नव्हतें. आई गुलाम तर मूल गुलाम, नातूहि गुलाम, आणि पुरावा म्हणून कातडीचा रंग. अशा सुमारें चाळीस लक्ष माणसांच्या कष्टांवर १८६० सालीं त्या देशाची दक्षिण उभी होती, आणि तिचें मुख्य पीक होतें कापूस.

लिंकनची निवड त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत झाली. गुलामगिरी नव्या मुलुखांत पसरूं द्यावयाची नाहीं, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. जेथें ती आहे तेथून ती उपटण्याची भाषा त्यानें केली नव्हती. परंतु दक्षिणेस तेवढेंहि सोसवलें नाहीं. २० डिसेंबरला साउथ कॅरोलिना फुटून निघाली, आणि पुढें फुटलेल्या संस्थानांची संख्या अकरांवर गेली. १२ एप्रिल १८६१ रोजीं चार्ल्स्टनच्या बंदरांतील सम्टर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. लढाईच्या आरंभीं उत्तरेचा हेतु संयुक्त राज्य टिकविणें हा होता, गुलाम सोडविणें हा नव्हता. हेतु बदलला तो प्रेतांचे ढीग पाहून. सप्टेंबर १८६२ मध्यें अँटीटमला एका दिवसांत हजारों माणसें कापलीं गेलीं. त्यानंतर पांचव्या दिवशीं लिंकननें जाहीरनाम्याची पूर्वसूचना दिली, आणि १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर मुलुखांतील गुलाम मुक्त ठरले. उत्तरेस चिकटून राहिलेल्या संस्थानांतील गुलाम मात्र होते तेथेंच राहिले! हा मुत्सद्दीपणा कित्येकांस खटकतो, आणि आम्ही त्यांस दोष देत नाहीं. तरी त्या कागदानें काळ्या माणसास बंदूक दिली, आणि पावणेदोन लक्षांवर काळे शिपाई उत्तरेच्या सैन्यांत लढले, हेंहि विसरतां येत नाहीं. १८६३ च्या जुलैंत गेटिसबर्ग व व्हिक्सबर्ग येथें पारडें फिरलें. पुढील वर्षीं शर्मननें अटलांटा घेऊन समुद्रापर्यंतचा मुलूख उध्वस्त केला. ९ एप्रिल १८६५ रोजीं सेनापति ली शरण आला, आणि सहाच दिवसांनीं गोळी लागलेल्या लिंकनचा अंत झाला. दोन्ही पक्षांचीं मिळून सहा लक्षांहून अधिक माणसें त्या चार वर्षांत मेलीं.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. विलायतेच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाचा तीन-चतुर्थांशाहून मोठा भाग अमेरिकेंतून जात असे. लिंकननें दक्षिणेचीं बंदरें कोंडतांच तो आटला, आणि खानदेश, वऱ्हाड, गुजराथ येथल्या कापसास सोन्याचा भाव आला. लोकांनीं गाद्या उसवून आंतला कापूस विकला म्हणतात. मुंबईंत पेढ्या, मंडळ्या, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजना यांचा पाऊस पडला. बॅकबेच्या मंडळीचा पांच हजार रुपये भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला. प्रेमचंद रायचंदांचा शब्द म्हणजे हुंडी, असा तो काळ. १८६४ च्या मोजणींत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली. या गर्दींत घाटाखालचा कोंकणी मजूरहि होता. त्याची मजुरी वाढली, पण तांदूळ आणि खोलीचें भाडें त्याहून भरभर वाढलें.

आम्हांस लाज वाटते ती पुढील गोष्टीची. ली शरण आल्याचें वर्तमान येतांच मुंबईच्या बाजारांत सुतक पडलें. चाळीस लक्ष माणसांची बेडी तुटली ही वार्ता येथें दिवाळखोरीची वार्ता ठरली. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस. त्या दिवशीं लक्षाधीश म्हणविणारे उघडे पडले, आणि बँक ऑफ बाँबेसुद्धां पुढें बुडाली. याउलट मँचेस्टर पाहा. तेथील गिरणीकामगार या युद्धानेंच उपाशी मरत होते. तरी १८६२ च्या अखेरच्या दिवशीं सभा भरवून त्यांनीं लिंकनला पाठिंब्याचें पत्र धाडलें. ज्यांचें पोट जळत होतें त्यांनीं न्यायाची बाजू घेतली. ज्यांच्या तिजोऱ्या भरत होत्या त्यांनीं युद्ध लांबावें अशी इच्छा केली. मुंबईचे व्यापारी काय करणार, त्यांनीं थोडेंच युद्ध पेटविलें, असें कोणी म्हणेल. पेटविलें नाहीं, हें खरें. पण तें विझूं नये असें त्यांस वाटलें.

आणि हें दूरच्या लोकांचें पाप म्हणून आपण हात झटकूं नयेत. पेशवाईंत कुणबिणी आणि बटकी यांची खरेदी-विक्री होत होती, दप्तरांत त्यांच्या किंमती लिहिलेल्या आहेत. १८४३ च्या कायद्यानें सरकारनें गुलामीच्या हक्काची दाद घेणें बंद केलें. आणि माणूस गुलाम म्हणून विकणें गुन्हा ठरविणारा पीनल कोड १ जानेवारी १८६२ पासून, म्हणजे लिंकनच्या जाहीरनाम्याच्या बरोबर एक वर्ष आधीं, अमलांत आला. तेवढ्यासाठीं येथें कोणी रक्त सांडलें नाहीं; म्हणूनच कीं काय, त्या दिवसाची आठवणहि कोणी ठेवली नाहीं.

एकानें मात्र अमेरिकेचें युद्ध भावाच्या पाटीवर वाचलें नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' छापली, आणि गुलामांच्या मुक्ततेसाठीं झीज सोसणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस ती अर्पण केली. त्याच वेळीं त्या देशाच्या दक्षिणेंत मुक्त झालेल्यांवर जुलूम सुरू होता, आणि १८७७ नंतर तर त्यांना वाली उरला नाहीं. यावरून कित्येक फुल्यांस भाबडे ठरवितात. आम्हांस तसें वाटत नाहीं. ते अर्पण अमेरिकनांच्या नांवें असलें तरी ग्रंथ मराठींत होता, आणि वाचणारे पुण्याचे होते.

कापसाचा भाव उतरला तसा तेजीच्या भरंवशावर काढलेल्या कर्जांचा बोजा कुणब्याच्या मानेवर राहिला. 'गुलामगिरी' निघाल्यावर दोन वर्षांनीं, मे १८७५ मध्यें, पुणें जिल्ह्यांतील सुप्याच्या बाजारांत शेतकरी जमले आणि त्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं. चौकशीस बसलेल्या कमिशनास कारणें शोधतां शोधतां अमेरिकेंतील त्या युद्धापर्यंत मागें जावें लागलें.