उंच आणि अरुंद चाक : मासवणच्या वाटेवरील एका निवडीचा इतिहास

चाकाच्या इतिहासात त्याच्या शोधाची चर्चा पुष्कळ झाली; त्याच्या मापांची मात्र फारशी झालेली नाही. चाक किती उंच असावे, किती रुंद असावे आणि त्यासाठी किती खर्च करावा, हा प्रश्न गाडी घेणाऱ्या प्रत्येक माणसापुढे पूर्वीही होता आणि आजही आहे. आज तो एसयूव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरसंबंधी विचारला जातो, एवढाच फरक. या मोटारींची चाके गेल्या दोन-तीन दशकांत उत्तरोत्तर रुंद होत गेली. असे असूनही खडतर वाटेवर मर्यादित खर्चात गाडी चालविणारा मनुष्य पुन्हा उंच आणि अरुंद टायरकडे का वळतो, हे समजून घ्यावयाचे तर बैलगाडीपर्यंत मागे जावे लागते.

या विचारासाठी पालघर जिल्ह्यातील मासवणचा परिसर सोयीचा आहे. सूर्या नदीच्या काठचे हे गाव पालघर–मनोर मार्गावर आहे. पश्चिमेस पालघर आणि त्यापलीकडे केळवे, शिरगाव, सातपाटी यांची वाळूची किनारपट्टी. वायव्येस बोईसर–तारापूरचा औद्योगिक पट्टा. पूर्वेस मनोरजवळ मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि पुढे विक्रमगड–जव्हारकडील डोंगराळ मुलूख. भातखाचरांचा चिखल, मुरमाच्या वाटा, डांबरी रस्ता आणि समुद्रकाठची वाळू असे भूमीचे चारही प्रकार एका दिवसाच्या प्रवासात येथे भेटतात. पावसाची वार्षिक सरासरी दोन हजार मिलिमीटरांच्या वर असल्यामुळे चाकाची परीक्षा जून ते सप्टेंबर या काळात अत्यंत कठोर होते. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कागदपत्रांत तो माहीम तालुका म्हणून आढळतो.

महाराष्ट्रातील आज परिचित असलेली हलकी बैलगाडी फार प्राचीन आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत दख्खनमधील माल प्रामुख्याने लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जात असे. ज्या थोड्या गाड्या होत्या त्यांची चाके भरीव, लाकडी किंवा दगडी असत आणि त्या गावाबाहेर फारशा जात नसत. १८३० साली बोरघाट गाड्यांना खुला झाला. १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यात महसुली मोजणीचे काम सुरू झाले. त्या खात्यातील गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट गेसफर्ड या दोन अधिकाऱ्यांनी कुणब्याला परवडेल अशी हलकी गाडी तयार करण्याचा प्रयत्न केला आणि सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे तिचा कारखाना निघाला. मोजणी खात्याने सुतारकामात लक्ष घालावे हे विचित्र वाटेल. परंतु धान्य बाजारात पोहोचल्याखेरीज सारा रोखीने येणार नाही, हे त्या खात्याला पक्के ठाऊक होते. गाडीच्या स्वस्तपणात सरकारचाही स्वार्थ होता.

या गाडीचे मर्म चाकात होते. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर बसविलेले पाटे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव. साधारणतः पाटे सहा व आरे बारा, म्हणजे प्रत्येक पाट्यास दोन आरे. लोहार धाव तापवून पाट्यांवर चढवितो आणि पाणी ओतून ती थंड करतो. आकुंचन पावताना ती चाकाचे सारे सांधे घट्ट करते. धाव हाच या चाकातील महाग भाग. लोखंड विकत आणावे लागे, लाकूड पुष्कळदा घरचे किंवा रानातले असे. म्हणून धाव जितकी अरुंद तितकी गाडी स्वस्त. चाकाची उंची चार-पाच फूट आणि धावेची रुंदी अवघी दीड-दोन इंच, म्हणजे उंची रुंदीच्या पंचवीस-तीस पट किंवा त्याहूनही अधिक. आजच्या कोणत्याही मोटारीत हे प्रमाण चार-पाचपटींच्या वर सहसा जात नाही.

उंचीचा लाभ कुणब्याला अनुभवाने ठाऊक होता. त्याचे गणित फ्रान्समध्ये झाले. १८३७ नंतरच्या पाच-सहा वर्षांत आर्तुर मोरँ आणि झ्युल द्युप्वी या दोन अभियंत्यांत त्यावर मोठा वाद माजला. मोरँच्या मते चाकाला होणारा रोध त्याच्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असतो. द्युप्वीच्या मते व्यासाच्या वर्गमुळाच्या. व्यास दुप्पट केला तर पहिल्या नियमाने रोध निम्मा होतो, दुसऱ्याने सुमारे तीस टक्क्यांनीच घटतो. उंच चाक हलके चालते, याविषयी मात्र दोघांचे एकमत होते. मोरँचा आणखी एक निष्कर्ष या चर्चेत अधिक महत्त्वाचा आहे. कठीण रस्त्यावर धावेच्या रुंदीने रोधात जवळजवळ फरक पडत नाही. दबणाऱ्या जमिनीवर मात्र रुंदी वाढली की रोध कमी होतो. हे खरे असेल तर चिखलाच्या मुलखातील गाडीवानाने अरुंद धाव पसंत करणे चुकीचे ठरावयास हवे. तसे ते ठरत नाही, आणि त्याचे कारण मासवणसारख्या भूमीत शोधावे लागते.

येथील वाटेवर चिखल असतो, परंतु तो अथांग नसतो. वरचा काही इंचांचा थर मऊ, त्याखाली मुरूम किंवा काळा पाषाण. अरुंद धाव हा थर कापून खालच्या टणक पायाला टेकते. रुंद चाक वरच तरंगते, समोर चिखलाची रास लोटत राहते आणि घसरते. खोल गाळ अथवा सुकी वाळू असेल तर न्याय उलट होतो, कारण तेथे खाली टेकावयास काहीच नसते. म्हणजे रुंद की अरुंद, या प्रश्नाचे उत्तर वरच्या थराच्या खोलीवर अवलंबून आहे. मोरँने तपासलेली दबणारी जमीन आणि मुरमावरचा पातळ चिखल या वेगळ्या गोष्टी होत, हे ध्यानात न घेतल्यामुळे या विषयावरील पुष्कळ वादविवाद निष्फळ ठरले आहेत.

तथापि अरुंद धावेची किंमत कोणीतरी मोजतच होते, आणि तो गाडीवान नव्हता. अरुंद धाव रस्ता कापते. इंग्लंडमध्ये याच कारणास्तव १७५३ च्या कायद्याने अवजड गाड्यांना नऊ इंच रुंदीची चाके लावण्याची सक्ती झाली आणि पुढे रुंद चाकांना पथकरात सवलती मिळाल्या. मालवाहकांनी यातून वाट काढली. चाके रुंद तर केली, पण शंकूच्या आकाराची आणि मधली धाव पुढे आलेली. त्यामुळे कायदा पाळला गेला आणि रस्ता पूर्वीपेक्षा जास्त भरडला गेला. नियम रुंदीविषयी होता, जमिनीला टेकणाऱ्या भागाविषयी नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न मोटार आल्यावर तीव्र झाला. १८६४ मध्ये मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग पुरा झाल्यापासून या पट्ट्यातील भात, गवत आणि इमारती लाकूड बैलगाडीने स्टेशनवर येऊ लागले होते. खडीच्या रस्त्यावर बैलगाडीची धाव खडीचा भुगा करी आणि मोटारीचे रबरी चाक तो भुगा धुळीच्या रूपाने उडवून नेई. दोन्ही वाहने मिळून रस्ता जितका खराब करीत तितका एकटे कोणतेही करीत नसे. १९२७ साली मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पुढे केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये भारतीय मार्ग परिषद जन्मास आली. परिषदेच्या आरंभीच्या काळात लोखंडी धावेचा उपद्रव हा अभियंत्यांच्या चर्चेचा नित्याचा विषय होता. धाव रुंद करण्याची सूचना सोपी होती. पण रुंद धाव म्हणजे जास्त लोखंड, जड चाक आणि बैलावर अधिक ओझे. रस्ता सरकारचा, बैल कुणब्याचा. १९४३ च्या नागपूर योजनेने खेडी रस्त्यांनी जोडण्याचे वीस वर्षांचे लक्ष्य ठरविले, त्या वेळीही हा पेच सुटलेला नव्हता.

तो सुटला असेल तर रबराने. हवा भरलेल्या टायरची कल्पना १८४५ मध्ये टॉम्सनने आणि पुन्हा १८८८ मध्ये डनलॉपने मांडली. १९३६ साली डनलॉप कंपनीचा कारखाना बंगालमधील साहागंज येथे सुरू झाला आणि रबरी चाकांची बैलगाडी उत्तर हिंदुस्थानात ‘डनलप’ या नावानेच ओळखली जाऊ लागली. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या ऊसवाहतुकीत टायरगाडी रूढ झाली. तिचे चाक जुन्या चाकाच्या मानाने ठेंगणे असते, तरीही पक्क्या रस्त्यावर ती अधिक भार वाहते. या ठिकाणी मोरँ आणि द्युप्वी या दोघांचाही नियम अपुरा पडतो, कारण त्यांनी मोजलेला रोध ताठ धावेचा होता. हवेची गादी खड्डा गिळते, तो उंचीने ओलांडावा लागत नाही. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला. तेव्हाही बहुसंख्य गाड्या जुन्याच लाकडी चाकांवर चालत होत्या. टायर गावच्या लोहाराकडे दुरुस्त होत नाही, हा त्यामागील साधा व्यवहार होता.

मोटारीने मात्र उंच-अरुंद चाकाची परंपरा काही काळ जपली. १९४१ पासून बनलेल्या विलिस जीपचे टायर ६.००-१६ मापाचे होते, म्हणजे रुंदी सुमारे सहा इंच, रिम सोळा इंची आणि एकूण उंची अदमासे अठ्ठावीस इंच. उंची रुंदीच्या साडेचारपटींहून अधिक. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्र कंपनीने मुंबईत या जीपची जोडणी सुरू केली आणि ठाणे जिल्ह्यासारख्या भागात सरकारी खात्यांच्या कामाला तीच जीप अनेक वर्षे पुरली. पोलंडमध्ये जन्मलेल्या बेकर या अभियंत्याने १९५६ च्या ग्रंथात मऊ जमिनीवरील गतीचे शास्त्र मांडले. चाक जमीन दाबून जी चाकोरी पाडते त्या कामातच शक्ती खर्च होते. म्हणून जमिनीशी तितकाच संपर्क लांबट आणि अरुंद ठेवला तर चाकोरी अरुंद राहते व शक्ती वाचते, असा त्याचा आशय. कुणब्याच्या धावेचे समर्थन यापेक्षा नेमक्या शब्दांत क्वचितच झाले असेल.

नंतर प्रवाह फिरला. महामार्ग सुधारले, वेग वाढला. वळणावर आणि कोरड्या डांबरावर रुंद टायरची पकड चांगली असते, हे खरे आहे. परंतु रुंदी वाढण्यास दिखाऊपणाही तितकाच कारणीभूत झाला. २०२० च्या महिंद्र थारमध्ये कमी किमतीच्या प्रकाराला २४५/७५ आर १६ आणि वरच्या प्रकाराला २५५/६५ आर १८ हे टायर मिळाले. हिशेब करता पहिल्याची उंची सुमारे ७७४ मिलिमीटर, दुसऱ्याची ७८९. पंधरा मिलिमीटर उंचीसाठी रिम दोन इंचांनी वाढली. टायरची भिंत मात्र १८४ मिलिमीटरांवरून १६६ वर आली. दगडी वाटेवर रिमला वाचविते ती ही भिंतच. म्हणजे येथे स्वस्त चाकच अधिक कामाचे आहे. २०२३ मध्ये आलेल्या मारुती जिम्नीचे १९५/८० आर १५ हे माप जुन्या परंपरेला अधिक जवळचे. तिची उंची सुमारे ६९३ मिलिमीटर, म्हणजे रुंदीच्या साडेतीनपट.

ज्याची गाडी जुनी आहे त्याच्यापुढील निवड अधिक अवघड असते. बोलेरोच्या २१५/७५ आर १५ टायरची उंची सुमारे ७०३ मिलिमीटर आहे. हलक्या मालमोटारींसाठी बनणारा ७.००-१६ हा टायर सुमारे ७७५ मिलिमीटर उंच, रुंदीला दोनशेच्या आत आणि मालवाहतुकीचा असल्यामुळे पालघर–बोईसरसारख्या बाजारपेठांत सुलभ. सोळा इंची लोखंडी रिमही मिश्रधातूच्या रिमपेक्षा पुष्कळ स्वस्त. गाडीचे पोट सुमारे ३६ मिलिमीटरांनी उंचावते आणि मऊ जमिनीतील रोध द्युप्वीच्या हिशेबाने पाच, मोरँच्या हिशेबाने नऊ टक्के घटतो. पण वेगदर्शक ६० दाखवितो तेव्हा खरा वेग ६६ असतो. चढावर इंजिनाला तेवढ्याच प्रमाणात जोर अपुरा पडतो. वळविलेले चाक मडगार्डला घासते की काय, हेही पाहावे लागते. नायलॉनच्या तिरप्या धाग्यांचा टायर ताठ असतो आणि महामार्गावर अस्वस्थ करतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ कारखान्याच्या मूळ तपशिलापासून दूर जाणाऱ्या फेरफारांना मर्यादा घालते.

जीपचे मूळ ६.००-१६ हे माप दुकानांत आजही सहज मिळते, आणि खरा धोका तेथेच आहे. या मापाचे बहुतेक टायर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांसाठी बनतात. त्यांच्यावर लांबीच्या दिशेने उंच कंगोरे असतात, ते सुकाणू धरण्यासाठी; इंजिनाची ओढ जमिनीला देण्यासाठी नव्हेत. त्यांची वेगमर्यादाही ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या आसपास असते. मासवणच्या खाचरालगत असा टायर निर्धास्त चालेल. मनोरच्या नाक्यावर महामार्गाला लागलेल्या गाडीत तो घातक आहे. केळव्याच्या वाळूत तर कोणताही अरुंद टायर पूर्ण हवेवर रुततो. तेथे हवा बरीच कमी करावी लागते. तसे केल्याने संपर्काचा ठसा रुंदीपेक्षा लांबीत अधिक वाढतो, आणि उंच टायरमध्ये तो वाढावयास जागाही जास्त असते. परतीच्या डांबरी रस्त्यावर हवा पुन्हा भरावी लागते, म्हणून पायपंप ही या निवडीतील सर्वांत स्वस्त आणि बहुधा विसरली जाणारी वस्तू आहे.