मात्सून

आर्मेनियन घरात दही म्हणजे ‘मात्सून’. मूळ धातूचा अर्थ चिकटणे, घट्ट होणे. आपणही ‘दही लागलं’ म्हणतोच की!

सार्किस आणि रोझ कोलंबोसियन या आर्मेनियन जोडप्याने १९२९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी घरच्या दह्याचा धंदा मांडला. घोडागाडीवर नाव ‘मात्सून’. पण त्या भागात येऊन राहिलेल्या सगळ्या मध्यपूर्वेकडच्या लोकांना समजणारी भाषा तुर्की, म्हणून पुढे पाटीवर ‘योगर्ट’ आलं. ‘मळणे’ या अर्थाच्या तुर्की क्रियापदाच्या कुळातलं. ज्या तुर्कांच्या राज्यातून लाखो आर्मेनियन परागंदा झाले, त्यांचाच शब्द! बाजार असली दुखणी विचारत नाही. आडनावही छाटून ‘कोलंबो’ झालं. हा ब्रँड २०१० मध्ये बंद पडला.