रास्पबेरी पाय ५ : एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर, किंमत किती, मिळतो कसा अन् हौशी मंडळी खूशही का, नाराजही का? वाचा सविस्तर

हातावर मावेल एवढी हिरवी पट्टी. तिला टीव्ही, कीबोर्ड आणि माऊस जोडला की झाला कॉम्प्युटर. ‘रास्पबेरी पाय’ नावाची ही पट्टी जगभरातले विद्यार्थी, शिक्षक, इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणारे आणि घरच्या घरी काहीतरी जुळवाजुळव करणारे हौशी लोक गेली अनेक वर्षं वापरतात. त्यातलं पाचवं मॉडेल, म्हणजे ‘रास्पबेरी पाय ५’, २८ सप्टेंबर २०२३ रोजी जाहीर झालं आणि ऑक्टोबरअखेर विक्रीला आलं. आल्या आल्या हौशी मंडळींमध्ये दोन तट पडले. एक म्हणे, “असा वेग या आकारात कधी मिळालाच नव्हता.” दुसरा म्हणे, “गरिबाचा कॉम्प्युटर आता गरिबाचा राहिला नाही.” यात खरं कोणाचं? घेण्याआधी काय बघावं? ही सगळी माहिती एका ठिकाणी.

थोडक्यात महत्त्वाचे

• बनवणारे : रास्पबेरी पाय, केंब्रिज (इंग्लंड)
• आकार : साधारण ८५ बाय ५६ मिलिमीटर
• बाजारात आला तेव्हाचा दर : ४ जीबी ६० डॉलर, ८ जीबी ८० डॉलर
• नंतर आलेली मॉडेल : २ जीबी ५० डॉलर (ऑगस्ट २०२४), १६ जीबी १२० डॉलर (जानेवारी २०२५), १ जीबी ४५ डॉलर (डिसेंबर २०२५)
• सोबत काय मिळतं : फक्त बोर्ड. चार्जर, मेमरी कार्ड, डबी, वायर सगळं वेगळं घ्यावं लागतं

सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणजे काय?

साध्या कॉम्प्युटरच्या डब्यात मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असे सुटे भाग असतात. सिंगल बोर्ड कॉम्प्युटरमध्ये हे सगळं एकाच पट्टीवर पक्कं बसवलेलं असतं. रॅम नंतर वाढवता येत नाही. घेतानाच किती जीबीचा घ्यायचा ते ठरवावं लागतं. हार्ड डिस्कच्या जागी मोबाईलमध्ये टाकतो तसं मायक्रो एसडी कार्ड चालतं. त्यावर लिनक्सची फुकट मिळणारी सिस्टीम टाकायची.

मोबाईलपेक्षा याचं वेगळेपण म्हणजे बोर्डाच्या कडेला असलेल्या ४० पिना. त्यांना सेन्सर, रिले, छोटे दिवे, मोटर चालवणारं सर्किट जोडता येतं आणि प्रोग्राम लिहून चालवता येतं. हौशी लोक याच्या प्रेमात पडतात ते या पिनांमुळेच.

सुरुवात कशी झाली?

केंब्रिज विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला येणारी मुलं कमी होत चालली होती. जी येत होती त्यांना कॉम्प्युटर वापरता येई, पण प्रोग्राम लिहिण्याची सवय नसे. एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधा विचार केला. घरातला महागडा कॉम्प्युटर बिघडेल म्हणून आई-बाप पोराला हात लावू देत नाहीत. मग बिघडला तरी जीव हळहळणार नाही इतका स्वस्त कॉम्प्युटर पोराच्या हातात का देऊ नये?

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला रास्पबेरी पाय विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर. रॅम फक्त २५६ एमबी. पहिली खेप सुमारे १० हजार नगांची, त्यातही एका माणसाला एकच. सकाळी विक्री उघडताच दोन्ही विक्रेत्या कंपन्यांच्या वेबसाईट गर्दीने बसल्या. तेव्हापासून ‘३५ डॉलर’ हा आकडा हौशी लोकांच्या मनात घट्ट बसला आहे. नवीन मॉडेल आलं की पहिली तुलना या आकड्याशीच होते.

२०१५ मध्ये कंपनीने ‘पाय झिरो’ फक्त ५ डॉलरला आणला आणि आपल्या मासिकाच्या अंकासोबत तो चक्क फुकट दिला. लोकांनी अंक हातोहात उचलले. अशी सवय लागलेल्या गिऱ्हाईकाला ८० डॉलरचा बोर्ड महाग वाटणार, हे उघड आहे.

पाय ५ मध्ये नवीन काय?

• प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झचा, चार कोअरचा. आधीच्या पाय ४ पेक्षा कामात दोन ते तीन पट वेगवान.
• चालू-बंद करायचं बटण पहिल्यांदाच मुख्य बोर्डावर आलं. आधी वायर काढूनच बंद-चालू करावं लागे.
• घड्याळाची सोय बोर्डावरच आहे. छोटी बॅटरी वेगळी घेऊन जोडली की लाइट गेली तरी वेळ चुकत नाही.
• वेगवान एसएसडी जोडण्यासाठी पीसीआय एक्सप्रेसची वाट दिली आहे. मात्र त्यासाठी वेगळी पट्टी लागते.
• दोन ४के स्क्रीन एकाच वेळी चालतात.
• यूएसबी, नेटवर्क, पिना सांभाळणारी ‘आरपी१’ नावाची चिप कंपनीने स्वतः तयार केली आहे.

हौशी मंडळींना काय आवडलं?

सगळ्यात जास्त कौतुक वेगाचं झालं. पाय ४ वर इंटरनेटची चार-पाच पानं उघडली की तो दमायचा. पाय ५ वर रोजचं काम, अभ्यासाचे व्हिडिओ, प्रोग्रामिंग बऱ्यापैकी सुरळीत चालतं. बटण आणि घड्याळ या दोन गोष्टी तर कित्येक वर्षांची मागणी होती.

एसएसडीची वाट उघडली याचा आनंदही मोठा होता. मायक्रो एसडी कार्ड हा या बोर्डांचा जुना दुखरा भाग. काम चालू असताना लाइट गेली तर कार्डावरची सिस्टीम खराब होण्याचा धोका असतो. एसएसडीने हा त्रास कमी होतो आणि वेगही वाढतो. पण कंपनीची स्वतःची १२ डॉलरची पट्टी मे २०२४ मध्ये आली. तोवर लोकांना दुसऱ्या कंपन्यांच्या पट्ट्यांवर भागवावं लागलं.

काय खटकलं?

चार्जर : पाय ५ ला पूर्ण ताकदीने चालायला ५ व्होल्ट, ५ अँपिअर लागतात. घरातले बहुतेक टाइप-सी चार्जर ५ व्होल्टला ३ अँपिअरपर्यंतच देतात. मोबाईलचा चार्जर ६५ वॉटचा असला तरी ही जास्तीची ताकद तो बहुधा चढ्या व्होल्टेजवर देतो, ५ व्होल्टवर नाही. अशा चार्जरवर बोर्ड चालू होतो, पण यूएसबीला मिळणारी वीज ६०० मिलिअँपिअरपर्यंत रोखली जाते. मग बाहेरची हार्ड डिस्क नीट चालत नाही.

उष्णता : वेग वाढला तशी गरमीही वाढली. जोराचं काम सतत करायचं तर पंखा लागतोच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याशिवाय भागणार नाही.

ऑडिओ जॅक गेला : हेडफोनचं गोल भोक काढून टाकलं. आवाज एचडीएमआय, यूएसबी किंवा ब्लूटूथमधून घ्यायचा.

जुनं सामान चालत नाही : पाय ४ ची डबी बसत नाही, कारण जोडणीच्या जागा बदलल्या. कॅमेऱ्याची जुनी वायरही बसत नाही, वेगळी घ्यावी लागते.

व्हिडिओ : जुन्या आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एच.२६४ प्रकारचे व्हिडिओ उलगडणारा खास भाग काढला. प्रोसेसर ते काम करतो, पण टीव्हीला जोडून सिनेमे बघणाऱ्या मंडळींनी यावर बरीच कुरकुर केली.

खरी किंमत किती? हिशोब बघा

नाराजीचं मोठं कारण बोर्डाच्या दरापेक्षा वरचा खर्च. विक्री सुरू झाली तेव्हाच्या दराने ८ जीबी मॉडेलचा हिशोब असा :

बोर्ड : ८० डॉलर
कंपनीचा २७ वॉट चार्जर : १२ डॉलर
पंख्यासह कूलर : ५ डॉलर
डबी : १० डॉलर
एकूण : १०७ डॉलर

डॉलर ८३ रुपये धरला तर हे ८,८८१ रुपये झाले. यात मेमरी कार्ड, मायक्रो एचडीएमआय वायर, कीबोर्ड, माऊस, स्क्रीन धरलेलं नाही. कर आणि वाहतूकही वेगळी. टीव्हीची नेहमीची एचडीएमआय वायर थेट बसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

म्हणूनच बऱ्याच जाणकारांनी सवाल केला : एवढ्यात जुना वापरलेला ऑफिसचा छोटा कॉम्प्युटर का घेऊ नये? २०२३ मध्येच इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचे छोटे तयार कॉम्प्युटरही बाजारात आले. ते थोडे महाग, पण डबी, रॅम, डिस्क, चार्जर सगळं सोबत. फक्त टायपिंग, इंटरनेट, व्हिडिओ एवढंच काम असेल तर हा सवाल रास्त आहे. पण सेन्सर, कॅमेरा, मोटर जोडून काही बनवायचं असेल तर त्या कॉम्प्युटरला ४० पिना नसतात. शिवाय रास्पबेरी पायची माहिती, पुस्तकं, तयार प्रोग्राम इतके आहेत की अडलं तर उत्तर सापडतं. दुसऱ्या कंपन्यांचे बोर्ड कागदावर वेगवान आणि स्वस्त दिसतात. पण त्यांची सिस्टीम वेळेवर अपडेट होत नाही, अशी तक्रार हौशी लोक वारंवार करतात.

टंचाईचा राग अजून गेलेला नाही

किमतीइतकाच मिळण्याचा प्रश्न तापला होता. २०२१ पासून जगभर चिपांची टंचाई झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने इतिहासात पहिल्यांदा दर वाढवला. पाय ४ चं २ जीबी मॉडेल ३५ वरून ४५ डॉलरला गेलं. पण त्या दरालाही माल नव्हता. साठेबाजांनी बोर्ड उचलले आणि दुप्पट दराने विकले. त्यात कंपनीने कारखान्यांना, म्हणजे यंत्रात हे बोर्ड बसवणाऱ्या उद्योगांना आधी माल दिला. त्यांच्याकडे कामगारांचे रोजगार अडकले आहेत, ही कंपनीची बाजू. “ज्या मुलांसाठी आणि हौशी लोकांसाठी हे सुरू केलं, तेच रांगेत मागे,” ही दुसरी बाजू. दोन्हींत तथ्य होतं, पण मन दुखावलं ते दुखावलंच.

पाय ५ आणताना कंपनीने ही चूक टाळायचा प्रयत्न केला. २०२३ संपेपर्यंतचा सगळा माल एकेक नग घेणाऱ्या साध्या गिऱ्हाईकांसाठी राखून ठेवला. कंपनीच्या मासिकाच्या वर्गणीदारांना आधी नंबर दिला. सुरुवातीचे काही आठवडे रांग होती, नंतर माल सहज मिळू लागला.

डिसेंबर २०२५ : पुन्हा दरवाढ

एआयच्या मोठ्या यंत्रणांसाठी मेमरी चिपांना मागणी वाढली आणि रॅम महागली. त्याचा फटका इथेही बसला. १ डिसेंबर २०२५ रोजी पाय ५ चं ४ जीबी मॉडेल ६० वरून ७० डॉलर, ८ जीबी ८० वरून ९५ डॉलर आणि १६ जीबी १२० वरून १४५ डॉलर झालं. त्याच दिवशी ४५ डॉलरचं १ जीबी मॉडेल आणलं, जेणेकरून कमी बजेटवाल्याला पायरी राहावी. रॅमचे दर हलतील तसे हेही हलतात. त्यामुळे खरेदीच्या दिवशीचा दर बघूनच पैसे मोजावेत.

कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये?

• प्रोग्रामिंग शिकणारा विद्यार्थी : २ किंवा ४ जीबी पुरतो. घरात टीव्ही आणि जुना कीबोर्ड असेल तर खर्च वाचतो.
• फक्त मोटर चालू-बंद करणं, जमिनीतला ओलावा किंवा टाकीची पातळी मोजणं : पाय ५ ची गरजच नाही. २०२१ मध्ये ४ डॉलरला आलेला ‘पिको’ हे काम करतो. तो पूर्ण कॉम्प्युटर नाही, पण अशा कामाला पुरेसा आहे आणि वीजही कमी खातो.
• कॅमेऱ्यावरून ओळखणं, घरचा सर्व्हर, एकाच वेळी जास्त कामं : ४ किंवा ८ जीबीचा पाय ५ योग्य.
• ऑफिसचं काम, ऑनलाइन फॉर्म, प्रिंट : वापरलेला चांगला कॉम्प्युटर जास्त सोयीचा.

घेताना ही काळजी घ्या

१) कंपनीच्या वेबसाईटवर भारतातल्या अधिकृत विक्रेत्यांची नावं आहेत. तिथूनच घ्या आणि जीएसटीचं बिल मागा.
२) डॉलरच्या दराला रुपयाने गुणून तोच भाव मिळेल असं धरू नका. वर कर आणि आयातीचा खर्च असतो. पण दर फारच चढा वाटला तर दोन-तीन ठिकाणी विचारा.
३) ‘किट’ घेताना त्यात चार्जर ५ अँपिअरचा आहे का ते वाचा.
४) पिनांना ३.३ व्होल्टच चालतात. ५ व्होल्टचा सिग्नल थेट जोडला तर बोर्ड जळू शकतो. घरातली २३० व्होल्टची मोटर तर रिले किंवा स्टार्टरशिवाय आणि जाणत्या इलेक्ट्रिशियनशिवाय अजिबात जोडू नका.
५) लाइट जाणाऱ्या भागात चांगल्या कंपनीचं कार्ड वापरा आणि कामाची दुसरी प्रत ठेवा.

मग खरं कोणाचं?

दोन्ही तटांचं थोडं थोडं खरं आहे. पाय ५ हा आजवरचा सगळ्यात दमदार रास्पबेरी पाय आहे, आणि ३५ डॉलरच्या जमान्यापेक्षा महागही आहे. पण पिको, पाय झिरो आणि जुनी मॉडेल अजून स्वस्तात मिळतात. मोठा बोर्ड परवडत नाही म्हणून शिकणं थांबवायचं कारण नाही. आधी काम ठरवा, मग बोर्ड ठरवा. बिघडला तरी चालेल अशा भीतीविना पोरांनी हात लावावा, हाच तर या पट्टीचा पहिला हेतू होता.