गोलरक्षकाचा गुडघा



आजच्या भाषणाचा विषय पाहून आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठी पडली असेल. बर्फावरची हॉकी, आणि त्यातही गोलरक्षकाच्या गुडघ्याचे संरक्षण! ज्या गावात गारा पडल्या तर वर्षभर बोलायला विषय मिळतो, तिथे बर्फावरच्या खेळाचे काय कौतुक? पण थोडे थांबा. या गोष्टीत आपल्या ओळखीचा क्रिकेटचा पॅड येतो, सावरीचा कापूस येतो, आणि घोड्याचे साज शिवणारा एक कारागीरही येतो. मग गोष्ट वाटते तितकी परकी राहात नाही.

प्रथम खेळाची थोडी कल्पना देतो. कॅनडात हिवाळ्यात नद्या-तळी गोठतात. त्या बर्फावर पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून, वाकड्या काठीने एक रबरी चकती समोरच्याच्या गोलात मारायची, असा हा खेळ. चकतीला तिकडे ‘पक’ म्हणतात. जाडी एक इंच, व्यास तीन इंच आणि वजन जवळजवळ आपल्या क्रिकेटच्या चेंडूइतके, म्हणजे साडेपाच ते सहा औंस. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. अशी दगडासारखी कठीण झालेली चकती आजचे खेळाडू ताशी शंभर मैलांहूनही अधिक वेगाने मारतात. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच, आणि त्याच्या तोंडाशी एकटा गोलरक्षक उभा.

बंदिस्त जागेत, ठरल्या नियमांनी आणि आधी जाहीर करून खेळलेला पहिला सामना ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियल शहरात झाला. त्या काळच्या गोलरक्षकाची वेशभूषा पाहिली तर हसू येईल. इतर खेळाडूंहून वेगळे असे त्याच्या अंगावर काही नसे. नडगीवर जे काय थोडे बांधले असेल तेवढेच. गुडघ्यासाठी निराळे साधन कोणी केले नव्हते, कारण गुडघ्याला काम नव्हते. गोलरक्षकाने उभेच राहिले पाहिजे असा नियम होता. चकती अडवायला तो बर्फावर बसला, पडला किंवा गुडघ्यांवर आला, तर तो गुन्हा.

पुढे मारा वाढला तशी नडगी फुटू लागली. तेव्हा कोणाला तरी क्रिकेटची आठवण झाली. इंग्रजांनी कॅनडातही क्रिकेट नेले होतेच. १४ फेब्रुवारी १८९६ रोजी विनिपेगच्या व्हिक्टोरियाज संघाचा जॉर्ज मेरिट हा गोलरक्षक स्टॅन्ली चषकाच्या सामन्यात चक्क पांढरे क्रिकेटचे पॅड बांधून उतरला. माँट्रियलच्या संघाला त्या दिवशी एकही गोल करता आला नाही. विनिपेगने सामना दोन विरुद्ध शून्य असा जिंकला. साऱ्या देशाने ते पॅड पाहिले, आणि उसन्या पॅडांची चाल पडली.

क्रिकेटचा पॅड कोणासाठी बनलेला असतो, हे माझ्या शिक्षक-मित्रांनी जरा मनात आणावे. तो उभ्या माणसासाठी असतो. फलंदाज धावतो, वाकतो, पण गुडघ्यांवर पडत नाही. मी स्वतः महाविद्यालयात असताना यष्टिरक्षण करीत असे. संघात पॅडची जोडी एकच, आणि ती माझ्याहून वीतभर उंच असलेल्या मुलाच्या मापाची. बसलो की पॅडचा गुडघ्याचा फुगवटा मांडीपाशी चढे आणि गुडघ्याची वाटी नेमकी दोन फुगवट्यांच्या खाचेत येई. एकदा चेंडू त्याच खाचेत बसला. पुढले दोन महिने जिना चढताना मला त्या पॅडची आठवण होई! अंगात साधन आहे आणि तरी मार लागतो, याचे दुःख काही और असते. उघडा पाय निदान सावध तरी राहतो.

असो. उभे राहण्याचा नियम १९१७ पर्यंत टिकला. त्या वर्षी स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगमध्येही सुरुवातीला हाच दंडक होता आणि तो मोडणाऱ्याला दोन डॉलर दंड होई. पण ओटावा संघाचा क्लिंट बेनेडिक्ट मोठा हिकमती माणूस. तो पडायचा आणि तोल गेल्याचा बहाणा करायचा. कधी गुडघ्यांवर येऊन जणू देवाची करुणा भाकतो आहे असा आव आणायचा. लोकांनी त्याचे नावच ‘प्रार्थना करणारा बेनी’ असे पाडले. पंचांनी तरी किती वेळा ठरवायचे की हा घसरला की मुद्दाम पडला? अखेर ९ जानेवारी १९१८ रोजी लीगने नियमच बदलला आणि गोलरक्षकाला खाली येण्याची मोकळीक दिली. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅट्रिक बंधूंच्या संघटनेने ती त्याआधीच दिली होती.

माझ्या मते गोलरक्षकाच्या गुडघ्याचा इतिहास खरा या दिवसापासून सुरू होतो. कायद्याने गुडघा बर्फावर आणला. पण पायाला बांधलेला पॅड मात्र उभ्या माणसाचाच राहिला.

आता आपला कारागीर येतो. ओंटारिओ प्रांतातल्या हॅमिल्टन गावी एमिल केनेस्की नावाचा गृहस्थ घोड्यांचे साज बनवीत असे. आपल्याकडे जीनगर मंडळी जीन आणि खोगीर करीत, तशातलाच हा धंदा. कातडे कापावे, आत भर घालावी, वरून दोऱ्याने घट्ट शिवावे. खोगीर करणाऱ्याला एक गोष्ट उपजत कळते: ओझे जनावराच्या हाडावर येता कामा नये, आणि एकही सुरकुती आत राहता कामा नये. घोडा बोलत नाही, पाठ सोलली की कळते! मोटारी आल्या, घोडे कमी झाले, आणि या धंद्याची कळा उतरू लागली.

सांगतात ते असे की, केनेस्की एकदा चर्चच्या मुलांचा सामना पाहात होता. चकती गोलरक्षकाच्या गोलाकार क्रिकेट पॅडवर आपटायची आणि तिरपी होऊन थेट गोलात शिरायची, हे त्याच्या कारागिराच्या डोळ्यांनी टिपले. त्याने पॅडला दोन्ही बाजूंनी रुंदी दिली आणि पुढचा भाग सपाट केला. १९२४ च्या सुमारास हॅमिल्टन टायगर्सचा गोलरक्षक जेक फोर्ब्स याने त्याच्या हातचे पॅड बांधले, आणि १९२४-२५ च्या मोसमात तो संघ लीगमध्ये पहिला आला. श्रेय सारे पॅडचेच, असे मी म्हणणार नाही. पण त्यानंतर गोलरक्षकांची वाट केनेस्कीच्या दुकानाकडे वळली ती अनेक दशके वळलेलीच राहिली.

या पॅडांत होते काय? वरून घोड्याचे कातडे, आत नमदा, हरणाचे केस आणि कापोक. हा कापोक म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. ज्यांच्या घरी सावरीच्या कापसाची उशी आहे त्यांना त्याचा गुण वेगळा सांगायला नको. डोके ठेवले की खाली जाते, उचलले की पुन्हा वर येते. खोगिराची विद्या आणि उशीचा कापूस एकत्र येऊन जगातला पहिला खरा गोलरक्षकाचा पॅड झाला.

रुंदीची हाव मात्र सुटेना, तेव्हा लीगने १९२५ मध्ये बारा इंचांची मर्यादा घातली आणि १९२७ मध्ये ती दहावर आणली. १९८९ मध्ये पुन्हा बारा झाली, २००५ मध्ये अकरा. हा हिशेब इतकाच पुरे.

या कातडी पॅडांचा एक मोठा दोष होता. ते पाणी पीत. बर्फाचे पाणी आणि घाम शोषून खेळाच्या तिसऱ्या भागात ते ओल्या गोणपाटासारखे जड होत. शिवाय कातडी वाद्यांनी आणि बक्कलांनी ते पायाला घट्ट आवळलेले असत. त्यामुळे गोलरक्षक खाली आला की पॅडही पायाबरोबरच वाके आणि गुडघ्याची आतली बाजू बर्फावर आपटे. तिथे पॅड नव्हताच.

तरीही माणसे खाली येतच राहिली. ग्लेन हॉल हा डेट्रॉइटचा आणि नंतर शिकागोचा गोलरक्षक. दोन्ही गुडघे जवळ आणून बर्फावर टेकायचे आणि पावले दोन्हीकडे बाहेर फाकवायची, ही बैठक त्याने रूढ केली. लहान मुले अशी पाय मागे फाकून बसली की आपल्याकडे आजी ओरडते, तीच ही बैठक. तिला पुढे ‘फुलपाखरू’ हे नाव पडले. हॉल १९५५ पासून १९६२ पर्यंत ओळीने ५०२ सामने खेळला. म्हणतात की सरावाच्या वेळी पॅडची वादी बांधायला तो वाकला आणि त्याच्या कमरेत चमक भरली. साखळी तुटली ती त्यामुळे. शेकडो वेळा चकतीला सामोऱ्या गेलेल्या माणसाला बक्कलाने हरवले!

पुढे कृत्रिम फोम आणि कृत्रिम कातडे आले. पॅड हलके झाले, पाणी पिईनासे झाले. १९८६ मध्ये माँट्रियलचा वीस वर्षांचा पॅट्रिक रॉय फुलपाखरू बैठकीच्या बळावर स्टॅन्ली चषक जिंकून देणारा वीर ठरला, आणि मग पोराटोरांनी तीच बैठक उचलली. आता पॅड सैल बांधू लागले. का? गोलरक्षक खाली आला की सैल पॅड पायाभोवती फिरतो, त्याचा सपाट दर्शनी भाग समोर भिंतीसारखा उभा राहतो, आणि गुडघा पॅडच्या आतल्या बाजूस केलेल्या उशीवर टेकतो. युक्ती नामी खरी. पण पॅड फिरला म्हणजे तो गुडघ्यापासून सुटला. त्या क्षणी वाटी आणि मांडीचा खालचा भाग उघडा पडतो, आणि नेमकी तिथेच चकती यायची. म्हणून पॅडच्या आत, थेट पायावर बांधायचे वेगळे गुडघारक्षक आले. २०१३ मध्ये लीगने पॅडची गुडघ्यावरची उंचीही कमी केली. गुडघ्यापासून कटिभागापर्यंतच्या अंतराचे शंभर भाग धरले तर पूर्वी पंचावन्न भागांपर्यंत पॅड चाले, तो पंचेचाळीसवर आला. वरचा पॅड आखूड झाला तसा आतल्या रक्षकावरचा भार वाढला.

मग हे गुडघारक्षक निवडावे कसे? दुकानात हात लावून मऊ लागेल ते घ्यावे, अशी पुष्कळांची समजूत असते. माझ्या मते ती फसवी आहे. मऊ गादी बोटांना बरी वाटते, पण अंगाचे सारे वजन वेगाने खाली आले की चपटी होते आणि वाटी बर्फाला भिडते. नुसते कठीण कवचही उपयोगाचे नाही. ते चकती अडवते, पण तिचा हिसका हाडाला पोचवते. बाहेर कवच आणि आत दाबले असता सावकाश बसणारी भर, अशी दोन्हींची जोड हवी. खोगीर करणाऱ्याला हे शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते.

दुसरे, माप उभ्याने घेऊ नये. गुडघा वाकला की वाटी सरकते आणि मांडीचा घेर बदलतो. कवचाची वाटी आपल्या वाटीवर नेमकी बसते की नाही, हे गुडघे टेकूनच पाहावे. कवच मांडीवर इतके चढलेले असावे की अर्ध्या चड्डीतली मांडीची ढाल त्याच्यावर येईल. मध्ये बोटभरही फट राहू नये. पण इतकेही उंच नको की बसताना ढालीवर आपटून खाली ढकलले जाईल. गुडघ्याच्या आतल्या बाजूची भर पॅडमधल्या उशीला जुळणारी हवी, कारण टेकणे तिथेच होते.

तिसरी गोष्ट वाद्यांची. गुडघ्यामागची लवण फार नाजूक जागा. तिथून जाणारी वादी रुंद आणि लवचीक असावी. लवणीच्या वर एक आणि खाली पोटरीवर एक अशा दोन असल्या तर उत्तम. पाय बधिर होऊ लागला तर वादी घट्ट आहे, आणि रक्षक नडगीवर उतरू लागला तर सैल. घाम आल्यावर आणखी सरकतो, हेही ध्यानात ठेवावे. आतले अस्तर काढून धुता येत असेल तर दोन पैसे जास्त द्यावेत. ओले साधन पिशवीत कोंबून ठेवले की कातडी आधी बिघडते आणि मग साधन.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी पालक ‘पुढल्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठे माप घेतात. गणवेशाच्या बाबतीत हे शहाणपण ठीक आहे. इथे मात्र ते नको. माझी यष्टिरक्षणाची हकिकत वर सांगितलीच आहे. आणि मुलाला मांडीच्या सांध्यात दुखते म्हणून तो सांगू लागला, तर नवे गुडघारक्षक आणून त्याची समजूत काढू नये. फुलपाखरू बैठकीचा ताण खुब्यावरही येतो, आणि गुडघ्यावरची गादी कितीही चांगली असली तरी खुब्यापर्यंत पोचत नाही. तिथे वैद्याचेच काम.

विकत घेण्यापूर्वी आपले नेहमीचे पॅड बरोबर न्यावेत. गुडघारक्षक बांधून, वर पॅड चढवून, दुकानाच्या फरशीवर दहा वेळा खाली बसावे आणि दहा वेळा उठावे. मग पॅड सोडून पाहावे, की कवचाची वाटी जिथे होती तिथेच आहे का. दुकानदाराने असे करू दिले नाही, तर सरळ दुसरे दुकान पाहावे.