इंग्रजीतील अनियमित अनेकवचने

नामाला 'स', 'झ' किंवा 'इझ' जोडून अनेकवचन करण्याचा इंग्रजीतला सरसकट नियम न पाळणारी रूपे. ती मोजकीच; पण माणूस, बाई, मूल, पाय, दात अशी रोज तोंडी येणारी नावे नेमकी त्यांत आहेत. व्याकरणाच्या पुस्तकांत त्यांना अपवाद म्हणतात. खरे तर त्यांतली बरीचशी मोडीत निघालेल्या जुन्या नियमांची शिल्लक आहे.

मॅन–मेन, वुमन–विमिन, फूट–फीट, टूथ–टीथ, गूस–गीस, माऊस–माइस, लाऊस–लाइस या सात जोड्यांत प्रत्यय लागत नाही, आतला स्वर बदलतो. इंग्रजीच्या पूर्वज जर्मानिक भाषेत पायाचे अनेकवचन 'फोतिझ' असे होते. पुढे 'इ' उच्चारायचा आहे म्हणून जीभ आधीच पुढे सरके आणि 'ओ' हळूहळू 'ए' होऊन बसला. मग 'इझ' झिजून गेला. त्याने बिघडवलेला स्वर तेवढा मागे राहिला. उरले फोत–फेत. पंधराव्या शतकाच्या आसपास सुरू झालेल्या दीर्घ स्वरांच्या मोठ्या उलथापालथीतून त्यांचे फूट–फीट झाले. जुन्या इंग्रजीत पुस्तकालाही हीच तऱ्हा होती: एक 'बोक', अनेक 'बेच'. ते रूप टिकले नाही, बुक्स आले.

ऑक्सन हे दुसऱ्या एका जुन्या प्रत्ययाचे उरलेले रूप. चिल्ड्रनची गंमत निराळी. 'चिल्डर' हे मुळात अनेकवचनच. ते पुरेसे वाटेना म्हणून त्याला वर 'अन' जोडला गेला. शीप आणि डीअर बदलतच नाहीत. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये, कारण 'देव आला' आणि 'देव आले' यांतला देवही तसाच राहतो.

लॅटिन-ग्रीकमधून आलेल्या शब्दांची अनेकवचने पंडितांनी मूळ भाषेतून आणली: क्रायटेरियन–क्रायटेरिया. डेटा आणि अजेंडा हीदेखील मूळची अनेकवचने. अजेंडा आता बिनतक्रार एकवचनी झाला आहे. ऑक्टोपसचे 'ऑक्टोपाय' मात्र विद्वत्तेच्या नादात झालेली चूक आहे, कारण शब्द ग्रीक आणि प्रत्यय लॅटिन. साधे ऑक्टोपसेस बरे.

उलटी चालही दिसते. वाटाण्याला पूर्वी 'पीझ' म्हणत आणि ते एकवचन होते. शेवटचा 'झ' अनेकवचनाचा समजून लोकांनी तो काढून टाकला आणि 'पी' हा नवा शब्द तयार झाला. मराठी बोलण्यात 'एक लेडीज' ऐकू येते तेव्हा नेमके याच्या उलट घडलेले असते.

जीन बर्को यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव 'वग' सांगितले. असे दोन प्राणी दिसताच बहुतेक मुलांनी न शिकवता 'वग्झ' म्हटले. अनोळखी शब्दाला चालू नियमच लागतो. जुनी रूपे टिकतात ती सतत कानावर पडणाऱ्या शब्दांत.

मराठी 'मुंगूस' इंग्रजीत 'मंगूस' होऊन गेले. त्याचे अनेकवचन मंगूसेस, 'मंगीस' नव्हे. शेवटी 'गूस' ऐकू येत असले तरी बदकाच्या त्या नातेवाइकाशी मुंगसाचा काही संबंध नाही.